आधी पाठ
(प्रस्तावना)

दिवाळी उलटून पंधरवडा झाला की कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडे वळणाऱ्या रस्त्यावर धनगरांचे वाडे दिसू लागतात. पुढे मेंढरांचा लोट, कडेने कुत्री आणि मागे घोडी. घोडीच्या पाठीवर सगळा संसार लादलेला असतो: पालाचे कापड, वाघरीची जाळी, पातेली, पिठाचे गठुडे, पाय बांधलेल्या कोंबड्या, पहाटेच जन्मलेले एखादे कोकरू आणि कधी कधी या सगळ्यावर बसवलेले दोन वर्षांचे पोर. दोर बाईच्या हातात असतो. पुरुषमाणसे मेंढरांमागे रानातून जातात. बिऱ्हाड आणि घोडी बाईने सांभाळायची, अशी वाड्यातली वाटणी आहे. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातून निघालेले हे वाडे नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने, हिर्डोशीवरून वरंध घाटात शिरतात आणि महाडकडे उतरतात. मृग लागायच्या आत परत घाट चढायचा असतो, कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही.

शेतात तळ पडला की चूल नंतर पेटते. आधी घोडीवरचे ओझे उतरते, गोणपाट आणि वाकळ बाजूला होते आणि बाई घोडीच्या पाठीवरून, मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत, तळहात दाबत नेते. घोडीने कातडी थरथरवली किंवा पाठ खाली घेतली तर हात तिथेच थांबतो आणि उद्याचे ओझे कसे बांधायचे ते त्याच जागी ठरते. याला अर्धा मिनिट लागतो. भोर आणि वेल्हे तालुक्यांत पशुवैद्य म्हणून काम करताना मी ही गोष्ट कित्येक वर्षे पाहिली आणि तिच्याकडे लक्ष दिले नाही. दमलेल्या जनावराला ती थोपटते आहे, असे मला वाटायचे. ती तपासणी होती. घोड्याच्या रोजच्या निगेविषयी मला जे सांगायचे आहे ते या तपासणीपासून सुरू होते. घोडा आजारी पडतो तेव्हा डॉक्टर बहुधा वीस-पंचवीस किलोमीटर लांब असतो. जो माणूस जवळ असतो त्याचा हात रोज घोड्याच्या अंगावरून फिरत असेल, तरच आजार वेळेत कळतो.

आमच्या भागात जनावर म्हटले की गाय, म्हैस, बैल, शेळी. दवाखान्यात येणारी दुखणी त्यांचीच, औषधांचा साठा त्यांच्यासाठीच आणि आम्हा पशुवैद्यांच्या हाताला सवयही त्यांचीच. घोडा मागे पडला तो मुख्यतः संख्येमुळे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये तो आकडा साडेतीन लाखांच्या आत आला. सात वर्षांत जवळजवळ निम्मी जनावरे कमी झाली. पण त्यानंतर एक चांगली गोष्टही घडली. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतले जे काटक, लहानखुरे तट्टू या वाड्यांबरोबर चालते, ज्याच्या पूर्वजांवर बसून मराठ्यांच्या फौजा दौडल्या, त्याला इतकी वर्षे ‘गावठी’ यापलीकडे सरकारदरबारी ओळख नव्हती. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती यांच्या पंक्तीत ती आली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरस्त्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद घ्यायचेही पहिल्यांदाच ठरले. जात नोंदली गेली, आता तिच्यातले प्रत्येक जनावर नीट जगले पाहिजे. ते काम कागदावर होत नाही.

या मुलखाला घोड्याची निगा नवी नाही. वेल्हे तालुक्याला आता ज्याचे नाव मिळाले आहे त्या राजगडावरून शिवाजी महाराजांनी सुमारे पंचवीस वर्षे राज्य चालवले. पुढे चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या फौजेच्या जुमलेदार-हवालदारांना त्यांनी पावसाच्या तोंडावर पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आज्ञेसाठी ते सगळ्यांच्या लक्षात राहते. मी ते वाचतो तेव्हा मला त्यात आधी घोड्यांची वैरण दिसते. साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मनाला येईल तसे चारलेत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि सगळी वैरण राख होईल, इथपर्यंत ते पोचतात. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो, हे वाचताना मला दर वेळी भरून येते. वैरण पुरवून वापरा, कोरडी ठेवा, आगीपासून लांब ठेवा. या पुस्तिकेतल्या चाऱ्याच्या प्रकरणात त्याहून वेगळे फारसे काही सांगितलेले नाही.

त्या काळी प्रत्येक कामाला शब्द होता आणि शब्दामागे माणूस होता. मोतद्दार खरारा करायचा, नालबंद खूर पाहायचा, साळोत्री औषध द्यायचा, तोबऱ्यात मोजून चंदी पडायची. आज ही सगळी कामे एकाच माणसाला करावी लागतात आणि बहुतेक वेळा त्याला ती कोणी शिकवलेली नसतात.

त्याच्या मनात पहिली गोष्ट ठसवायची ती ही, की गाईचे नियम घोड्याला लागू पडत नाहीत. गाय भराभर खाऊन घेते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याला चार कप्प्यांचे पोट नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने फार लहान असते आणि गवत पचवण्याचे खरे काम मागे, मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंकडून होते. म्हणून निसर्गाने त्याला दिवसाचे चौदा-सोळा तास थोडेथोडे चरत राहणारा प्राणी केले. शिवाय त्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत गेलेले वरून बाहेर येत नाही. एकदम पोटभर दाणा, बुरशी आलेला कडबा, लग्नातल्या उरलेल्या पोळ्या, कोंबड्यांचे खाद्य, जे आत जाईल ते पुढेच सरकले पाहिजे; नाही सरकले तर पोट दुखते. गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला ते चालते, घोड्याच्या हृदयाला ते थोड्या मात्रेतही घातक ठरते. गोठ्यातले घमेले घोड्यापुढे सरकवण्याआधी पोत्यावरचे लेबल वाचा, हे मी या दोन्ही तालुक्यांत जमेल तिथे सांगत आलो आहे.

पोटशूळ हा घोड्याचा सर्वांत मोठा शत्रू. आमच्याकडे त्याची वेळही ठरलेली आहे. भोर-वेल्ह्यात भात निघतो तेव्हाच वाडे इथून जातात. शेतकरी मेंढरे खतासाठी शेतात बसवतो आणि घोडीपुढे पेंढा टाकतो. भाताचा पेंढा राठ आणि निकस असतो. भुकेलेली घोडी तो खाते, वाटचालीत पाणी कमी पडलेले असते आणि आतड्यात घट्ट गोळा बसतो. मग घोडी पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे बघते, बसते, उठते, लोळते, घामाने भिजते. कधी लघवीला उभी राहिल्यासारखी अंग ताणते आणि थेंबही येत नाही. हे ताणणे पाहून बहुतेक सगळे म्हणतात, मूत अडकले. मग मूत सुटायचे उपाय सुरू होतात आणि पोटाकडे कोणी बघत नाही. घोड्यात मूत अडकणे क्वचित. तसे ताणणारा घोडा जवळजवळ नेहमी पोटाच्या कळेने ताणत असतो. त्याहून वाईट म्हणजे मान उंच बांधून बाटलीने तेल पाजणे. ते तेल श्वासनलिकेत उतरते, पोट बरे झाले तरी फुप्फुस सडते आणि चार दिवसांनी घोडी दगावते. तेल द्यायचेच असेल तर पशुवैद्याने नाकातून जठरापर्यंत नळी घालून द्यावे. घरी कोणी देऊ नये.

यातली एक घोडी माझ्या चुकीने गेली असे मी मानतो. भाटघरच्या फुगवट्याच्या कडेला वाडा उतरला होता. रात्री दहाच्या सुमारास निरोप आला. मी गेलो, घोडी लोळत होती, कळ थांबवणारे इंजेक्शन दिले. पंधरा मिनिटांत ती शांत झाली, उभी राहिली, गवताला तोंड लावले. सगळ्यांना बरे वाटले, मलाही. मी परत निघालो. पहाटे ती मेली. इंजेक्शनने कळ झाकली होती, कारण तसेच राहिले होते. तिने शेवटची लीद कधी टाकली, हे मी विचारले नव्हते. वाड्यातल्या बाईला ते नेमके ठाऊक होते: आदल्या दिवशी दिवेलागणीला. म्हणजे चोवीस तासांच्या पुढे काही नाही. ते उत्तर मिळाले असते तर टेंपो बोलावून मी तिला नीरेपलीकडे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात हलवायला लावले असते. अंतर फार नव्हते. तेव्हापासून घोड्याजवळ गेल्यावर माझा पहिला प्रश्न लिदेचा असतो. किती वेळा टाकली, ओली की कोरडी, गोळे मोठे की बारीक, वर चिकट पापुद्रा आहे का, दाणा अख्खाच बाहेर पडतो का. ज्याच्या घरी घोडा आहे त्याने सकाळी झाडलोट करताना लिदेकडे बघितलेच पाहिजे. त्याला पैसे पडत नाहीत आणि शिक्षणही लागत नाही.

काही आकडे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ असावेत असा माझा आग्रह आहे. निरोगी घोड्याचे अंग ९९ ते १०१ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते; थर्मामीटर गुदद्वारात घालून, कडेला उभे राहून बघायचे, मागे उभे राहून नव्हे. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवले की नाडी लागते: निवांत उभ्या घोड्यात मिनिटाला २८ ते ४४, लहान तट्टात थोडी जास्त. श्वास ८ ते १६. पोटाच्या कळेत नाडी साठच्या पुढे गेली की वाट बघायची नाही. हिरडीवर बोट दाबून सोडले तर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. कुशीला कान लावला की आतून गुडगुड ऐकू यायला हवी. शांत पोट हे घोड्याचे चांगले लक्षण नाही. आपल्या जनावराचे हे आकडे ते ठणठणीत असताना चार वेळा मोजून ठेवावेत. आजारात पहिल्यांदा मोजणाऱ्याला त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

आता पाठीविषयी. मराठीत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी गोष्टींसाठी वापरतात. ज्याने पाठ लागलेली घोडी पाहिली आहे त्याला तो वापरवणार नाही. खोगिराच्या आत काय भरले आहे, ते कुठे दबून गठळ्या झाले आहे, कुठे विरळ झाले आहे, यावर घोडीची पाठ टिकते. वाड्यातल्या घोडीला विकतचे खोगीर नसते. गोणपाट, वाकळ, जुनी घोंगडी यांची चळत असते. त्यात गवताची काडी, सुकलेला घाम, एखादी शिवण टोचत राहिली की पहिल्या दिवशी केस विस्कटतात, दुसऱ्या दिवशी गरम सूज येते, तिसऱ्या दिवशी कातडी सोलवटते. पाठीच्या कण्यावर कधीच भार यायला नको. दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर तो सारखा वाटला गेला पाहिजे. कण्याच्या वर बोटभर पोकळी राहील अशी चळत रचणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन्हीकडची ओझी त्या हातात तोलून बघतात, वजनकाट्यावर नाही, आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो. १९६५ च्या ओझी वाहणाऱ्या जनावरांसंबंधीच्या नियमांत तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त लादू नये, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, ३७ अंश सेल्सियसच्या वर पारा असताना दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असे आहे. वाड्यांना हे नियम कोणी वाचून दाखवलेले नाहीत. तरी पहाटे निघून ऊन चढायच्या आत तळ टाकायचा त्यांचा रिवाज नियमाच्या जवळच जातो. नियम मोडलेला दिसतो तो मुख्यतः बांधकामाची वाळू-विटा वाहून नेणाऱ्या जनावरांच्या बाबतीत.

लागलेल्या पाठीवर जळके इंजिन ऑइल चोपडतात, हळद दाबतात, कुठे कुठे तापल्या सळईने डागतात. हळदीला माझा विरोध नाही. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने जखम धुणे तर मी स्वतः सांगतो. पुण्याच्या ‘अंथ्रा’ संस्थेच्या डॉ. नित्या घोटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनगरांमध्ये काम करून पशुपालकांच्या, विशेषतः बायकांच्या, औषधी ज्ञानाला जो मान मिळवून दिला त्याचे ऋण माझ्यासारख्यांवर आहे. पण इंजिन ऑइलने जखम विषारी होते, आणि डागण्याने लंगडणे किंवा सूज बरी होत नाही. मूळ दुखण्यात नव्या वेदनेची भर पडते. याबाबत मी कोणाचेही मन राखत नाही. पाठीची जखम भरायची असेल तर एकच औषध नक्की आहे: ओझे काढणे. घोडी पंधरा दिवस रिकामी चालू द्यायची आणि तिचे ओझे दुसऱ्यांवर वाटायचे. ते किती अवघड आहे हे मला माहीत आहे. म्हणून तर पहिल्या दिवशीच, केस विस्कटलेले असतानाच, हाताला कळायला हवे.

पायबंदाच्या दोराने घोट्यापाशी होणारी जखम लहान दिसते. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, गाईपेक्षा आणि माणसापेक्षाही. लिदेत आणि मातीत त्याचे जंतू कायम असतात. खिळ्याएवढे छिद्र पुरते. मग कान ताठ, शेपूट उचललेली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे आलेला, आणि पाय लाकडी घोड्यासारखे. त्यातून वाचणारी थोडी. धनुर्वाताची लस स्वस्त आहे: महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन डोस, नंतर दर वर्षी एक. दुसरे काही जमले नाही तरी एवढे करा. दोराला जुन्या सुती कापडाची गुंडाळी केली तर मुळात जखमच टळते.

खुरांचा विषय वेल्ह्याकडे वेगळा आणि भोरच्या पूर्व भागात वेगळा. तोरण्याच्या पायथ्याशी, गुंजवणी-कानंदीच्या खोऱ्यांत, पावसाळ्याचे चार महिने जमीन वाळतच नाही. तिथे बांधलेल्या घोड्याच्या खुराच्या तळाशी असलेला त्रिकोणी मऊ भाग कुजतो, काळा पडतो, आणि खूर उचलला की घाण वास येतो. उपाय साधा आहे: उभे राहायला उंचवट्यावर मुरमाची किंवा फळ्यांची कोरडी जागा, आणि रोज खुरातला चिखल काढणे. पूर्वेकडे उलट, उन्हाने खूर कडक होऊन चिरतात आणि खडा रुतला की तळाशी पू होतो. दीड-दोन महिन्यांनी खुरांची कापणी व्हायलाच हवी. नाल ठोकायचा की नाही हा त्यापुढचा प्रश्न. डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या घोड्याला तो लागतो, रानात चालणाऱ्याला बहुधा लागत नाही. नालबंद मिळणे आता दुर्मिळ झाले आहे; वाकडा नाल ठोकणाऱ्यापेक्षा नाल नसलेला बरा.

पाऊस ओसरताना रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या वाढतात. सर्रा हा रोग त्यांच्यामार्फत पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात त्याचा परजीवी पहिल्यांदा पाहिला. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घोडी खात असूनही वाळते, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, मागचे पाय लटपटतात. ताप उतरला की मालकाला वाटते बरी झाली. वाडे निघायची वेळ आणि सर्राची वेळ एकच असल्यामुळे दिवाळीआधी एकदा रक्ताची काच तपासून घ्यावी. औषध आहे आणि वेळेत दिले तर घोडी उठते.

ग्लँडर्सबद्दल मात्र भीती बाळगलीच पाहिजे. नाकातून चिकट पिवळा स्राव, पायाच्या आतल्या बाजूने फुटणाऱ्या गाठींची माळ, खोकला, खंगणे. २००६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा उद्भवला. तो माणसाला होतो, त्यावर घोड्यात उपचार करायला परवानगी नाही, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीत निश्चित झाला तर कायद्याने जनावराला मरण द्यावे लागते. म्हणून लोक लपवतात. लपवू नका. त्या घोड्याच्या पाण्याच्या बादलीतून दुसरा घोडा पितो आणि तोंड पुसणारे तुमचेच पोर असते.

पानशेत, वेल्हे, नसरापूरच्या आसपास शहरातल्या लोकांची शेतघरे झाली, तिथे हौसेने घेतलेले घोडेही आले. त्यांचे दुखणे उलट आहे. वाड्यातल्या घोडीला चालणे फार आणि खाणे कमी. इथे खाणे फार आणि चालणे नाही. घोडा का अडला, याचे उत्तर लहानपणी आपण सगळ्यांनी दिलेले आहे. फिरवला नाही की त्याच्या पायांतले रक्तही नीट फिरत नाही. वर रोज दोन-तीन किलो दाणा, गूळ, पाहुण्यांनी दिलेली बिस्किटे. मग खुरातले पापुद्रे सुजतात, खूर गरम लागतो, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. आत खुराचे हाड जागा सोडू लागलेले असते. हे मालक सारंगखेडा, माळेगाव किंवा अकलूजच्या बाजारातून घोडा आणतात तेव्हा भोवरे बघतात, पंचकल्याणी आहे का ते बघतात. तोंड उघडून दात बघत नाहीत, चारही खूर उचलून बघत नाहीत. आणि घोडा एकटा आणतात. घोड्याला कळप लागतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान एखादी शेळी तरी त्याच्या सोबतीला ठेवा. एकटा कोंडलेला घोडा दावणीची लाकडे कुरतडतो आणि दिवसभर डोके हलवत राहतो.

फिरत्या घोडीची आणखी एक अडचण आम्हा डॉक्टरांमुळे होते. पहिले इंजेक्शन भोरला, दुसरे महाडला, तिसरे कुठे ते देवाला ठाऊक. केसपेपर दवाखान्यात राहतो आणि घोडी पुढे जाते. पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही, मग तो पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून या पुस्तिकेच्या शेवटी काही कोरी पाने ठेवली आहेत. जो डॉक्टर औषध देईल त्याने तारीख, औषधाचे नाव आणि मात्रा तिथे लिहावी, आणि वाड्याने ते पान मागून घ्यावे. जनावरांच्या दवाखान्यासाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करतानाही तेच पान समोर असू द्यावे. वेदनाशामक म्हणून माणसांच्या दुकानातले डायक्लोफेनॅक कोणी घोडीला टोचू नये. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण तशी जनावरे मेल्यावर खाणारी गिधाडे लाखोंनी संपली.

छापायला देण्याआधी ही पुस्तिका एका वाड्यात बसून वाचून दाखवली. वाडा शिरगावच्या अलीकडे उतरला होता, संध्याकाळ होती. मी पोटापासून सुरुवात केली होती. पाठ्यपुस्तकांत तसेच असते, आधी पचनसंस्था. दोन प्रकरणे होईपर्यंत सगळे गप्प ऐकत होते. मग वाड्यातल्या वडीलधाऱ्या मावशींनी विचारले, “पाठीचं कुठं लिवलंय, डागदर?”

“तिसऱ्या प्रकरणात, मावशी.”

“मंग तवर वझं काय पाठीवरच ठिवायचं?”

मी प्रकरणांचा क्रम बदलला. पहिले प्रकरण पाठीचे आहे.